विवरणपत्रापलीकडचा अहवाल : कायद्याने मागितलेल्या नोंदींतून रुग्णसेवेची गुणवत्ता

आमच्या वार्षिक अहवालात आपण दरवर्षी जमाखर्च, रुग्णसंख्या, शस्त्रक्रियांचे आकडे आणि देणगीदारांची नामावली वाचत असता. या अहवालाखेरीज आणखी अनेक अहवाल प्रत्येक धर्मादाय रुग्णालयातून वर्षभर बाहेर जात असतात. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, आरोग्य विभाग, महानगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा निरनिराळ्या यंत्रणांकडे ठरावीक नमुन्यात व ठरावीक मुदतीत ते पाठवावे लागतात. सामान्य वाचकाच्या दृष्टीस ते सहसा पडत नाहीत. रुग्णालयांतही त्यांकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे : मुदतीत पाठवले, पोच घेतली, फाइल बंद झाली.

यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय निवडला आहे. कायद्याने मागितलेली माहिती केवळ वरच्या कार्यालयासाठी गोळा केली, तर ते एक ओझे होते. तीच माहिती ती पाठवण्यापूर्वी वॉर्डात, प्रसूतिगृहात आणि विश्वस्तांच्या बैठकीत वाचली गेली, तर सेवा सुधारण्याचे तिच्याइतके स्वस्त आणि विश्वासार्ह साधन दुसरे नाही. यात यंत्रसामग्रीचा खर्च नाही. लागतो तो केवळ वेळ, प्रामाणिकपणा आणि अप्रिय आकड्याकडे पाहण्याची तयारी.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेली असतात. पूर्वी 'मुंबई' या नावाने ओळखला जाणारा हा कायदा आता 'महाराष्ट्र' या नावाने ओळखला जातो. त्यातील कलम ४१ अअ अन्वये, कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. हे कलम कागदावरच राहते, अशी तक्रार दीर्घकाळ होती. २००४ सालच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक सविस्तर योजना मंजूर केली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली.

या योजनेने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली निधीची. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळता इतर सर्व रुग्णांच्या देयकांच्या एकूण रकमेपैकी २ टक्के रक्कम रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची. एक लाख रुपयांच्या देयकामागे या खात्यात दोन हजार रुपये जमा होतात. निर्धन रुग्णाची खाट, निवासी डॉक्टरांची व परिचारिकांची सेवा, नेहमीच्या तपासण्या इत्यादी विनामूल्य असतात. त्याची औषधे, साहित्य व शरीरात बसवावयाची उपकरणे यांचा खर्च खरेदीच्या किमतीने या निधीतून भागवला जातो. दुर्बल घटकांतील रुग्णाने औषधे व साहित्य यांच्या देयकाचा किमान निम्मा भाग स्वतः द्यावयाचा असतो.

दुसरी गोष्ट तातडीच्या उपचारांची. जीव धोक्यात असलेल्या रुग्णास अनामत रक्कम न मागता ताबडतोब दाखल करून घ्यावे आणि त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत आवश्यक ते उपचार करावेत, असे ही योजना सांगते. तिसरी गोष्ट पात्रता पडताळण्याची. ते काम वैद्यकीय समाजसेवकाकडे सोपवले असून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचे कार्ड हे त्यासाठीचे आधार आहेत. मूळ योजनेत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी २५,००० रुपये व दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. पुढे ती वाढवण्यात आली. लागू असलेली मर्यादा रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर ठळक असणे अगत्याचे आहे.

किती निर्धन रुग्णांवर उपचार झाले, निधीत किती रक्कम जमा झाली, किती खर्च पडली व किती शिल्लक राहिली, ही माहिती धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेस द्यावी लागते. नाशिक विभागासाठी सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. आमच्या या लेखाचा पहिला धडा याच विवरणपत्रातून मिळतो.

रिकामी खाट काय सांगते ?

समजा, एक १०० खाटांचे रुग्णालय आहे. त्यात निर्धन रुग्णांसाठी १० खाटा राखीव आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात या खाटांचे ३०० खाट-दिवस होतात. महिनाअखेरीस हिशेब केला असता त्यांपैकी १२० खाट-दिवस वापरले गेले व १८० रिकामे राहिले, असे आढळले. विवरणपत्राच्या रकान्यात १२० हा आकडा लिहिला की काम संपते. मात्र सेवेचा विचार करणाऱ्याचे काम तेथे सुरू होते. उरलेले १८० खाट-दिवस रिकामे का राहिले ?

याची दोन उत्तरे संभवतात. परिसरात गरजू रुग्णच नव्हते, हे पहिले. गरजू रुग्ण होते, परंतु ते खाटेपर्यंत पोहोचले नाहीत, हे दुसरे. नाशिक जिल्हा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पहिले उत्तर पटणे कठीण. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवरची माणसे आजारपणात नाशिकची वाट धरतात. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे दिंडोरी व निफाडच्या बागांवर कामाला येतात. शहरातील बांधकामांवर आणि औद्योगिक वसाहतींत रोजंदारीने राबणाऱ्यांची संख्याही लहान नाही. तेव्हा गरज आहे. वाट कोठे अडते, हे शोधावयाचे असते.

वाट बहुधा कागदापाशी अडते. बागेवर काम करताना आजारी पडलेल्या मजुराचा दाखला त्याच्या मूळ गावच्या तहसील कार्यालयातून मिळावयाचा असतो. रुग्णासोबत आलेला एकमेव नातेवाईक दाखल्यासाठी गावी गेला, तर रुग्णाजवळ कोण थांबणार ? शिधापत्रिका बहुतेक वेळा गावच्या घरातील पेटीत असते. शिवाय खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याने "दाखला आहे का ?" एवढेच विचारले आणि समोरच्याने "नाही" म्हटले, की दोघांच्याही दृष्टीने विषय मिटतो. शिधापत्रिका चालते, वैद्यकीय समाजसेवकास भेटता येते, हे त्यास कोणी सांगितले नाही, तर तो विचारणार नाही. गरीब माणूस रुग्णालयात हक्क सांगण्यास कचरतो. नकार ऐकण्यापेक्षा परत फिरणे त्यास सोपे वाटते.

अशा परत फिरलेल्या माणसाची नोंद कोणत्याही विवरणपत्रात होत नाही. विवरणपत्र विचारते, किती जणांना लाभ दिला. किती जण न विचारताच गेले, हे विचारण्यासाठी त्यात रकाना नाही. तो रकाना रुग्णालयाने स्वतःच आखावयाचा असतो. नोंदणीच्या खिडकीवर एक साधी वही ठेवावी. खर्चाच्या कारणास्तव जो रुग्ण दाखल न होता परतला, किंवा उपचार अर्धवट सोडून घरी गेला, त्याच्यापुढे तारीख, गाव, आजार व कारण एवढी चार टिपणे करावीत. महिन्याच्या शेवटी ही वही आणि विवरणपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचावे. एकीकडे रिकाम्या खाटा आणि दुसरीकडे परतलेले रुग्ण दिसले, तर रुग्णालयाने काय सुधारावयाचे हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

उपायही साधे असतात. फलक सोप्या मराठीत व मोठ्या अक्षरांत लावणे, कोकणी किंवा भिल्ली बोलणाऱ्या रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलू शकेल असा कर्मचारी खिडकीजवळ नेमणे, कागदपत्रे येईपर्यंत उपचार न थांबवता ती आणण्यास मुदत देणे, आणि समाजसेवकाने स्वतः वॉर्डात फेरी मारणे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

नोंद खरी असल्याखेरीज सुधारणा नाही

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. नोंदच खरी नसेल तर ? महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर २००१ साली मिळाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने इतर स्वयंसेवी संस्थांसह राज्यातील बालमृत्यूंचा अभ्यास केला. 'कोवळी पानगळ' या नावाने त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावत असावीत, असा त्याचा अंदाज होता. सरकारी दप्तरी नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंची संख्या याहून फार कमी होती. मुले मरत होती, परंतु कागदावर ती मरत नव्हती.

हे केवळ निष्काळजीपणाने घडत नसते. खालच्या कर्मचाऱ्यास अनुभवाने कळलेले असते की मृत्यू नोंदवला तर जाब विचारला जातो आणि न नोंदवला तर कोणी काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत खरे बोलणे महाग आणि गप्प राहणे स्वस्त असते. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. नोंद सुधारली की आकडा प्रथम वाढतो, हे या साऱ्या चर्चेतून राज्याच्या लक्षात आले. तो आकडा वाढल्याने परिस्थिती बिघडलेली नसते. ती प्रथमच दिसू लागलेली असते.

रुग्णालयाच्या विश्वस्तांनी हे मनात पक्के ठेवले पाहिजे. एखाद्या विभागातील जंतुसंसर्गाचा किंवा पडझडीचा आकडा अचानक वाढला, तर त्या विभागप्रमुखास धारेवर धरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : घटना वाढल्या, की नोंद होऊ लागली ? दुसरे उत्तर खरे असेल, तर ती परिचारिका अभिनंदनास पात्र आहे.

मृत्यूनंतरचा शोध

मातामृत्यूंच्या बाबतीत आपल्या देशाने या दिशेने बरीच मजल मारली आहे. गर्भारपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू होय. अशा प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करण्याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये आल्या व २०१७ मध्ये त्या अधिक व्यापक करण्यात आल्या. बालमृत्यूंच्या अन्वेषणासाठीच्या सूचना २०१४ मध्ये आल्या. रुग्णालयात मृत्यू झाला, की ठरावीक नमुन्यात तातडीने कळवावे लागते, रुग्णालयाची समिती प्रकरण तपासते आणि पुढे जिल्हा पातळीवर आढावा होतो. जिल्हाधिकाऱ्यांपुढील आढाव्यात मृत मातेच्या नातेवाइकांनाही बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी तरतूद आहे. दोषी शोधून शिक्षा करणे हा या अन्वेषणाचा हेतू नाही, हे सूचनांत आवर्जून सांगितले आहे.

या अन्वेषणाचा पाया 'तीन विलंब' या कल्पनेवर उभा आहे. पहिला विलंब घरात होतो : धोक्याचे लक्षण ओळखून दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यास लागलेला वेळ. दुसरा रस्त्यावर होतो : वाहन मिळण्यास व योग्य रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागलेला वेळ. तिसरा रुग्णालयाच्या आत होतो : दारात आल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत गेलेला वेळ.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दूरच्या पाड्यावर पहाटे प्रसूतीनंतर एका मातेस रक्तस्राव सुरू झाला. घरच्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घाटरस्त्याने येऊन ग्रामीण रुग्णालयात पोहोचली; तेथे रक्ताची सोय नसल्याने मातेस नाशिकला पाठवण्यात आले. नाशिकच्या रुग्णालयात ती पोहोचली तेव्हा रक्तगट तपासणे, रक्तपेढीकडे चिठ्ठी नेणे आणि रक्त आणणे यांत आणखी दीड तास गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण एका ओळीत लिहिले जाते : प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असते, पण त्यावरून पुढच्या मातेसाठी काय करावे हे कळत नाही. तासांची मांडणी केली, की कळते. पहिल्या दोन विलंबांवर रुग्णालयाचा अधिकार चालत नाही. तिसऱ्या विलंबातील दीड तास मात्र सर्वस्वी त्याच्या हातचा आहे. ग्रामीण रुग्णालयातून दूरध्वनी येताच रक्ताची तयारी सुरू करणे, प्रसूतिगृहातून रक्तपेढीकडे थेट माणूस धाडणे, तातडीच्या औषधांची पेटी दर पाळीला तपासणे, अशा उपायांनी तो कमी करता येतो.

नमुना पंजीकरण पद्धतीच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००४–०६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. २०१८–२० या काळात ते ३३ पर्यंत खाली आले. रुग्णालयातील प्रसूती, रुग्णवाहिका, रक्ताची उपलब्धता, आशा कार्यकर्त्यांचे काम अशा अनेक गोष्टींचे हे फळ आहे. प्रत्येक मृत्यू मोजून त्याचा माग काढण्याची सवय ही त्यांपैकीच एक.

लहान नोंदींचे मोठे मोल

सगळेच अहवाल जीवनमरणाचे असतात असे नाही. काही अगदी नित्याचे वाटतात. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयाने रोजच्या कचऱ्याची नोंद ठेवावी लागते आणि मागील वर्षाचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत सादर करावा लागतो. रक्त-पू लागलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व तत्सम प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काचेच्या वस्तू निळ्या खुणेच्या खोक्यात, अशी ही विभागणी आहे. कचरा हाताळताना झालेल्या अपघातांचीही नोंद मागितली जाते.

या नोंदी वाचण्याची रीत समजली, की त्या बोलू लागतात. पिवळ्या पिशवीचे वजन रुग्णसंख्या न वाढता वाढले, तर वॉर्डात साधा कचराही तीत पडत आहे आणि रुग्णालय विनाकारण जादा खर्च करीत आहे. सुई टोचल्याच्या नोंदी एकाच पाळीत वरचेवर दिसू लागल्या, तर त्या पाळीत माणसे कमी आहेत का, सुयांचा डबा खाटेपासून लांब आहे का, हे पाहावे. अशा नोंदींचा थेट संबंध सफाई कामगार व आया-मावशींच्या आरोग्याशी असतो. त्यांना कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारीही याच नियमांनी रुग्णालयावर टाकली आहे. रुग्णालयाची गुणवत्ता पाहावयाची असेल, तर सर्वांत कमी पगार घेणाऱ्या माणसाच्या हातमोज्यांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

यंत्रांच्या देखभालीचे दाखलेही असेच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. त्याच वर्षीच्या ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातील आगीत १० बालकांचा मृत्यू झाला होता. या दोन घटनांनंतर राज्यभर अग्निसुरक्षा व ऑक्सिजन व्यवस्थेच्या तपासण्यांवर भर देण्यात आला. नाशिककरांना त्या दिवसाचे दुःख सांगावे लागत नाही. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतो की तपासणीचा दाखला हा भिंतीवर लावण्याचा कागद नव्हे. तपासणीत निघालेली त्रुटी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत दूर करावयाची, हे त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलेले असले पाहिजे.

उत्तम अहवाल, निकृष्ट सेवा

अहवालांवर इतका भर दिल्यावर त्यातील धोकाही सांगितला पाहिजे. इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते. तेथील व्यवस्थापनाचे लक्ष आर्थिक उद्दिष्टे व शासनाने ठरवलेले निकष पूर्ण करण्याकडे लागले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये संस्थेस अधिक स्वायत्ततेचा दर्जाही मिळाला. त्याच काळात वॉर्डात वृद्ध रुग्णांना पाणी मिळत नव्हते, शौचास नेण्यास माणूस येत नव्हता. हे उघडकीस येण्यात मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या तक्रारींचा मोठा वाटा होता. २००९ मध्ये तेथील नियामक संस्थेचा कडक अहवाल आला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी आयोगाने २९० शिफारशी केल्या. त्यानंतर, उपचारांत रुग्णास इजा झाल्यास ती त्यास व त्याच्या कुटुंबास प्रांजळपणे सांगण्याचे बंधन कायद्याने घालण्यात आले.

या उदाहरणाचा अर्थ अहवाल निरुपयोगी असतात, असा नाही. जे मोजले जाते तेवढेच सुधारते आणि जे मोजले जात नाही ते दुर्लक्षित राहते, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून आकड्यांच्या शेजारी नेहमी एक दुसरा आवाज हवा : रुग्णाचा आणि त्याच्या नातेवाइकाचा. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आणि तक्रार निवारणाची सोय सांगितली. तक्रारवही हादेखील एक अहवालच आहे. तीत वर्षभर एकही तक्रार नसेल, तर समाधान मानण्यापूर्वी ती वही कोठे ठेवली आहे, ती कोणाला दिसते आणि न लिहिता येणाऱ्याने काय करावे, हे पाहिले पाहिजे.

वाचनाची पद्धत

वरील विवेचनातून एक साधी पद्धत हाती येते. कोणताही अहवाल शासनाकडे पाठवण्यापूर्वी संबंधित विभागाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा आणि पाच प्रश्न विचारावेत.

१. हा आकडा कोणी, केव्हा व कशावरून लिहिला ? मूळ नोंदवहीशी तो जुळतो का ?

२. मागील महिन्यापेक्षा व मागील वर्षीच्या याच महिन्यापेक्षा तो कसा आहे ? पावसाळ्यातील आकड्याची तुलना उन्हाळ्याशी करून उपयोग नाही.

३. या आकड्यात कोण आलेले नाही ? कोणते गाव, कोणता समाजघटक, कोणती पाळी ?

४. यातील कोणती गोष्ट आपल्या हातात आहे ?

५. ती कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि पुढील बैठकीत हे कोण विचारणार ?

या बैठकीस डॉक्टरांबरोबर परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचारी व सफाई कामगारांचा प्रतिनिधी असणे आवश्यक आहे. अहवाल तयार करणारा आणि काम करणारा यांची गाठच पडत नसेल, तर आकडा एका खोलीत राहतो आणि अडचण दुसऱ्या खोलीत. अर्ध्या तासाची बैठक पुरे आहे. मात्र ती दर महिन्यास ठरल्या दिवशी झालीच पाहिजे.

आपणा सर्वांचा वाटा

विश्वस्तांना आमची विनंती आहे की त्यांनी आर्थिक ताळेबंदाइतक्याच बारकाईने सेवेचा ताळेबंद मागावा. निर्धन रुग्ण निधीत मोठी शिल्लक उरली, तर हिशेबाच्या भाषेत ती बचत दिसते. सेवेच्या भाषेत ती न झालेल्या उपचारांची रक्कम असू शकते. तेव्हा शिल्लक किती, एवढे विचारून न थांबता ती का उरली, हेही विचारावे.

देणगीदारांनी दिलेल्या रुपयाचा विनियोग कळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. नवी इमारत किंवा नवे यंत्र डोळ्यांना दिसते. त्यावर नावाची पाटीही लागते. वैद्यकीय समाजसेवकाचे वेतन, गावाकडून कागदपत्रे आणण्यासाठीचा प्रवासखर्च, बोली जाणणारा मदतनीस यांवर पाटी लावता येत नाही. परंतु रिकामी खाट आणि परत फिरलेला रुग्ण यांच्यामधील अंतर याच खर्चाने मिटते. देणगी देताना या अदृश्य कामांचाही विचार व्हावा.

रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो की आपण विचारावे. निर्धन व दुर्बल घटकांसाठीच्या खाटांविषयी, दरपत्रकाविषयी, समाजसेवकाच्या भेटीच्या वेळेविषयी विचारणे हा आपला हक्क आहे. ती कोणाची कृपा नव्हे. जे खटकले ते लिहावे, लिहिता येत नसेल तर सांगावे. आपले दोन शब्द आमच्या विवरणपत्रातील जागा भरून काढतात.

कायदा रुग्णालयाकडे किमान मागतो. त्या किमान मागणीच्या उत्तरात आपण काय वाचतो, यावर सेवेची उंची ठरते. सुरगाण्याहून आलेला मजूर खिडकीपाशी क्षणभर थबकतो, तेव्हा त्यास परत फिरू न देणे, हे या सर्व अहवालांचे अंतिम प्रयोजन आहे.